शेंदराखालचा हातोडा

भाऊ गेला त्या वर्षी आमच्याकडे दसरा झाला नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, अशी आमची रीत. एरवी मी रीतींवर बरंच बोलते. त्या वर्षी काही बोलले नाही. सण नाही म्हणजे गोडाचं नाही, आपट्याची पानं नाहीत आणि हातोड्याला शेंदूर नाही.

हातोडा म्हणजे आमच्या घराण्याचं शस्त्र. लोकांच्या घरी तलवार असते, निदान आहे असं ते सांगतात. आमच्याकडे देवघराच्या खालच्या फळीवर एक लोखंडी हातोडा होता. दांडा हातभर, आणि डोकं शेंदरानं इतकं माखलेलं की पाहुणे मारुती समजून नमस्कार करत. दर दसऱ्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा एक थर त्यावर चढायचा. आधी आजोबा चढवत, मग बाबा, आणि बाबांचे हात थरथरायला लागल्यावर माझा भाऊ. बाईमाणसानं शस्त्राला हात लावायचा नसतो. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यानं लग्न केलं नाही, मीही केलं नाही, दोघंही बाबांजवळच राहिलो. साठीला आला तरी तो दर दसऱ्याला मला बजावायचा, "दूर राह्य बाई, हात नोको लावू." मी म्हणायचे, मला कोणाचं राज्य घ्यायचं नाही. दर वर्षी हेच दोन संवाद व्हायचे, आणि मग जेवण.

हातोड्याची गोष्ट अशी होती. तीस सालच्या जंगल सत्याग्रहात माझ्या पणजोबांनी, म्हणजे बाबांच्या आजोबांनी, जंगल खात्याच्या माणसाच्या हातून तो हिसकावला आणि त्यासाठी सहा महिने तुरुंग भोगला. मी लहान होते तेव्हा गोष्टीतला तो माणूस साधा गार्ड होता. मी कॉलेजात जाईपर्यंत त्याचा गोरा साहेब झाला, आणि पुढे कधीतरी त्याला घोडाही मिळाला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं नोकरी केली. घोडा आला की संदर्भ विचारायचा, हे मला कळत होतं. पण घरच्या गोष्टीला कोणी संदर्भ विचारत नाही.

भाऊ पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी गेला. सकाळी दूध आणायला गेला आणि दुकानाच्या पायरीवर बसला तो उठला नाही. त्यानंतर घरात बाबा आणि मी. बाबा श्याऐंशी वर्षांचे. ते दिवसभरात चार शब्द बोलत: चहा, पंखा, दार, बस. मला रडू येत नव्हतं आणि त्याचं आश्चर्यही वाटत नव्हतं. चंद्रपुरात खिडकीवर रोज काळी धूळ बसते, ती रोज पुसावी लागते. मी पुसत होते.

मार्चमध्ये गावाहून एक कागद आला. आमचं गाव आलापल्लीच्या अलीकडे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं. गावात स्वातंत्र्यसैनिकांचा शिलाफलक बसवायचं ठरलं होतं, त्यासाठी समिती झाली होती, आणि समितीनं वारसांकडून माहिती मागवली होती. दोन पानांचा अर्ज. 'कार्याचा तपशील (शंभर शब्दांत)' असा एक रकाना, आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' याखाली वारसाची स्वाक्षरी. देशासाठी केलेलं कार्य शंभर शब्दांत बसतं, हे समितीनं आधीच ठरवून टाकलं होतं, ते मला आवडलं.

बाबा खाटेवर उठून बसले. चष्मा मागितला. कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "तू एवढी पुस्तकं सांभाळली. आता हे कर. सही तूच कर, माया हात नाई चालत."

भाऊ गेल्यापासून एवढं लांब वाक्य त्यांनी उच्चारलं नव्हतं. म्हणून मी हो म्हटलं. शिलाफलकावर नाव आलं काय, न आलं काय, मला त्याचं काही नव्हतं. पण बाबा उठून बसले होते.

मी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे जग, उजवीकडे पणजोबा. डावी बाजू दोन दिवसांत भरली. चांदा जिल्हा, मध्यप्रांत, राखीव जंगलं. पहिलं महायुद्ध. अठरा सालची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. तीस सालचा सत्याग्रह. दुसरं महायुद्ध. बेचाळीस, चिमूर. स्वातंत्र्य. जगाचं लिहून ठेवणारे पुष्कळ असतात. उजव्या बाजूला तीन नोंदी झाल्या, त्याही बाबांकडून. मानमोडीच्या साली पणजोबांची पहिली बायको आणि दोन लेकरं एका आठवड्यात गेली. दुसरं लग्न झालं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी ते वारले. बाबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते, म्हणजे बाबांनी त्यांना पाहिलेलं होतं. कसे होते, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, उंच होते. एवढंच.

मग मी कैद्यांच्या याद्या शोधल्या. छापील याद्या पाहिल्या, जुनी बाडं पाहिली, एका दालनात पंखा नव्हता तिथं चार दिवस बसले. पणजोबांचं नाव कुठंच नव्हतं. त्याच नावाचा एक माणूस सापडला, पण त्याचं गाव वेगळं होतं, बापाचं नाव वेगळं होतं, आणि त्याला शिक्षा साळ्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं, डोकं फोडल्याबद्दल झाली होती. समितीच्या सचिवांना मी फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "नाव जुळते ना बाई? मंग चालते." मी म्हटलं, साळा इंग्रज नव्हता. ते म्हणाले, एवढं कोण पाहून राह्यलं. फलक लवकर कोरायला द्यायचा होता, पाहुणे ठरले होते. नुसती वारसाची सही असली तरी पुरे, आणि कार्यक्रमात हातोडा हार घालून स्टेजवर ठेवू, असं त्यांनी सांगितलं.

बाबा रोज विचारत, "भेटलं काय?" मी रोज सांगत असे, अजून नाही.

मेमध्ये चंद्रपूर तापतं तसं तापलं. एक दिवस दुपारी देवघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं उंदीर. जाऊन पाहिलं तर हातोड्याचा शेंदूर गळला होता. दीड वर्ष तेलाचा हात फिरला नव्हता, म्हणून सगळा थर वाळून, तडकून सुटला होता. डोक्याच्या आकाराची एक पोकळ वाटी फळीवर पडली होती, आतून काळी, बाहेरून केशरी. देवाची खोळ अशी गळली की लोक ती वाजतगाजत नदीत सोडतात. मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. हातोडा उघडा पडला होता. बजावणारा कोणी नव्हता, म्हणून मी तो उचलला. अपेक्षेपेक्षा जड होता.

त्याच्या तोंडावर अक्षरं होती. उंचावलेली, उलटी, आरशात दिसतात तशी. दोन अक्षरं आणि खाली एक आकडा.

बल्लारपूरला माझ्या जुन्या सहकारी बाईंच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांचा जन्म सरकारी लाकडाच्या डेपोत गेला. पिशवीत हातोडा घालून मी ऑटोनं त्यांच्याकडे गेले. त्यांना 'भाऊ' म्हणावं लागलं. आमच्याकडे परक्या माणसालाही भाऊच म्हणतात. पण आठ महिन्यांत तो शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता, म्हणून मी वाक्य दोनदा सुरू केलं.

त्यांनी हातोडा पाहिला. अंगणात सागाचा एक जुना ओंडका बसायला ठेवला होता. तो आडवा केला, त्याच्या कापलेल्या तोंडावर पाण्याचा हात फिरवला आणि एकच घाव घातला. लाकडात अक्षरं उमटली, सुलटी. "हा हॅमर व्हय," ते म्हणाले. मग त्यांनी समजावलं. जे झाड तोडायचं, त्याच्या बुंध्याची साल तासून त्यावर हा ठोकतात. तोडल्यावर ओंडक्याच्या तोंडावर पुन्हा ठोकतात. खूण असली तर लाकूड सरकारचं, आणि नाक्यावरून गाडी सुटते. खूण नसली तर गाडी अडते, बैलांसकट. ज्याच्या हातात हॅमर असायचा, त्याला लोक साहेबापेक्षा जास्त भीत, कारण साहेब महिन्यातून एकदा यायचा.

मी आमची गोष्ट सांगितली. सत्याग्रह, हिसकावणं, तुरुंग. घोडा वगळला.

त्यांनी लाकडातल्या खुणेवर अंगठा ठेवला. अक्षरांच्या मधून एक आडवी रेघ गेली होती, ती मला शेंदराचा ओरखडा वाटली होती. "हे पाहा बाई. ही कानशीनं मारली हाये. हॅमर बाद झाला की तोंडावर अशी रेघ मारत, म्हनजे त्यानं पुन्हा कोनी चोरून ठोकू नाई. हिसकावलेल्या हॅमरवर रेघ कोन मारन? हॅमर हरवला असता, त जिल्हाभर झडत्या झाल्या असत्या."

"मग घरी कसा आला?"

"बाद माल मोडीत जाये. पन जुना मानूस नोकरीतून सुटला अन् साहेब खूस असला, त देऊन टाके. आठवन म्हनून."

म्हणजे गोरा साहेब होता. घोड्याचं माहीत नाही.

त्यांनी ओंडक्याची ती खुणेची चकती करवतीनं कापून मला दिली. वर चहा दिला. मी घरी आले आणि वही उघडली. उजवी बाजू आता भरता येत होती. महायुद्ध लागलं की सागाचे भाव चढतात, म्हणजे पणजोबांच्या हाताला काम वाढलं असणार. रेल्वेला लाकूड लागलं, त्यांनी ठोकलं. मानमोडीत बायको-लेकरं गेल्यावर ते बहुधा पुन्हा जंगलात गेले आणि ठोकू लागले. जंगल काही थांबलं नव्हतं. डावीकडची एकेक गोष्ट त्यांच्यापर्यंत ओंडके होऊन आली असावी. तीस सालासमोर मी थांबले. त्या वर्षी लोक मुद्दाम बिनपरवान्याचं गवत आणि लाकूड कापत होते. पणजोबा तिथं असतीलच, तर दुसऱ्या बाजूला, हातात हॅमर घेऊन असतील. किंवा त्या दिवशी रजेवर असतील. मी ती जागा कोरी ठेवली.

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. एवढंच वाटलं, की आता बाबांनी 'भेटलं काय' विचारलं तर हो म्हणावं लागेल.

त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं. खोटं बोलून सही करता आली असती. सचिव खूश झाले असते, बाबा खूश झाले असते, पणजोबांची हरकत नव्हती. पस्तीस वर्षं पुस्तकाच्या पाठीवर चुकीचा क्रमांक पडला तरी मी खोडून नवा लिहिला, त्याची सवय असेल, दुसरं काही मोठं कारण सापडत नाही. मी चकती त्यांच्या हातात दिली.

बाबांनी ती नाकाशी नेऊन वास घेतला. मग खुणेवरून अंगठा फिरवला, अक्षरावरून, आकड्यावरून, आणि आडव्या रेघेवर येऊन थांबवला. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, "मले ठाऊक हाये."

मी खुर्ची ओढून बसले.

त्यांनी जे सांगितलं ते तुटक होतं, मी जोडून लिहिते. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी गावच्या शाळेत पंधरा ऑगस्टला मास्तरांनी विचारलं, कोणाच्या घरचं माणूस जेलात गेलं होतं? एकानं हात वर केला. मास्तरांनी त्याला पुढं बोलावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही हात वर केला. पुढं गेल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं. घरी खुंटीला एक हातोडा टांगलेला असायचा, शेळीचा खुंटा ठोकायला वापरायचे. बाबांनी सांगितलं, तो आजानं सरकारच्या हातून हिसकावला. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचली होती. गावाला सगळं माहीत होतं, पण गावही त्या दिवशी खुशीत होतं, कोणी काही बोललं नाही. पणजोबा अंगणात दोर वळत बसले होते.

"तुम्हाला मारलं नाही?"

"नाई. दोर वळत राह्यला. मी त्याच्या समोरून तीनदा गेलो, त्यानं पाह्यलं नाई."

मग दसरा आला. त्या दसऱ्याला पणजोबांनी शेंदूर आणायला लावला. तोवर हातोड्याची पूजा कधी झाली नव्हती. त्यांनी स्वतः तेलात शेंदूर कालवला आणि बोटानं हातोड्याच्या तोंडावर लावला.

"तोंडावरच लावला," बाबा म्हणाले. "जाडजूड लावला. आन् मले म्हनला, आता हे कोनाले दाखवू नोको, बाबू."

त्यानंतर दोन वर्षांनी ते वारले. पुढचे थर आधी आजोबांनी आणि मग बाबांनी चढवले, दोघांनाही आत काय आहे ते माहीत होतं, आणि शेवटचे भावानं. भावाला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. नाही. त्याला कधीच नाही.

मी त्यांना विचारलं, की मग तीन महिने मला कशाला शोधायला लावलं. आवाज जरा चढला असावा, कारण शेजारणीनं खिडकीतून पाहिलं.

बाबा चकती हातात फिरवत होते. "मले वाटलं," ते म्हणाले, "एखांद्या कागदात खरंच सापडन."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. परत आले तेव्हा त्यांनी अर्ज मागितला. मी दिला. त्यांनी तो चार घड्या करून चष्म्याच्या खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. नोको करू सही." मग म्हणाले, "पन कार्यक्रमाले जाऊ."

सचिवांना मी कळवलं. ते नाराज झाले, कारण हातोड्यासाठी टेबल सांगून झालं होतं.

ऑगस्टमध्ये गाडी करून गेलो. रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग होती, दोन्ही बाजूंच्या झाडांवर लाल धूळ. डावीकडच्या रकान्यात हेही लिहावं लागेल, असं मनात आलं, आणि उजवीकडे कोण, ते सुचलं नाही. गावात मंडप होता. पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर एका मुलीनं तेच भाषण दोनदा केलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं. मग फलकावरचं कापड निघालं. सैनिकांची नावं लहान अक्षरांत होती आणि ज्यांच्या हस्ते अनावरण झालं त्यांचं नाव मोठ्या. साळ्याचं डोकं फोडणारा यादीत नव्हता, एवढी समितीची मेहेरबानी. बाबांनी गॉगल लावला होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा. त्यांनी सगळी नावं खालून वरपर्यंत वाचली.

त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर गावातलेच एक म्हातारे होते, बाबांबरोबर शाळेत असलेले. ते वाकून म्हणाले, "तुह्या आजाचं नाव काऊन नाई गा? तो हातोडा होता ना तुमच्याकडे?"

मी मंडपाच्या खांबाकडे पाहत राहिले. त्याला झिरमिळ्यांची कागदी माळ गुंडाळलेली होती.

"माया आजा हॅमरवाला होता," बाबा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कारण त्यांना ऐकू कमी येतं. "जंगल खात्यात. झाडं ठोकत जाये. शाळेत मी लबाड बोललो होतो."

पंच्याहत्तर वर्षांनी हे वाक्य बाहेर पडलं होतं. समोरच्या रांगेतलं कोणी वळलं नाही. स्टेजवर शालींचा कार्यक्रम चालू होता.

म्हाताऱ्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली. "माया बापाची गाडी अडवली होती एक डाव नाक्यावर," ते म्हणाले. "घर बांधाले फाटे आनले होते. दोन दिवस बैल उपाशी राह्यले म्हने."

"त्यानंच अडवली असन," बाबा म्हणाले.

"हव. असन."

दोघांनीही माना हलवल्या. तेवढ्यात चहा आला, कागदी कपात, काठोकाठ. बाबांनी कप उचलला तसा चहा बोटांवर सांडायला लागला. म्हाताऱ्यांनी आपला कप खुर्चीखाली जमिनीवर ठेवला, बाबांच्या मनगटाला खालून हात लावला, आणि कप त्यांच्या तोंडापर्यंत जाईस्तोवर धरून ठेवला.